सिकलसेलच्या मुलाला रक्त चढवायचंय? आधी काय विचारायचं, नंतर काय बघायचं

सिकलसेल (लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात तो आनुवंशिक आजार) असलेल्या मुलाला रक्त लागणार म्हटलं की घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, रक्त तपासलेलं आहे ना, एचआयव्ही-कावीळ असलं काही लागणार नाही ना. हा प्रश्न विचारायलाच हवा, एचआयव्ही, हिपॅटायटीस बी, हिपॅटायटीस सी आणि सिफिलिस या तपासण्या झाल्याशिवाय कुठलीच पिशवी लावता कामा नये, आणि मुलाची हिपॅटायटीस बीची लस राहिली असेल तर ती पण पूर्ण करून घ्या. पण जिथे रक्त नीट तपासलं जातं तिथे या मुलांना त्रास होतो तो बहुतेक वेळा दुसऱ्याच गोष्टींनी. नको असताना दिलेलं रक्त, वरवर जुळवलेलं रक्त, रक्त दिल्यावर आठ-दहा दिवसांनी आलेलं दुखणं जे सगळे नेहमीचा क्रायसिस (सिकलसेलमध्ये अचानक उठणारं दुखणं) समजून बसतात, आणि वर्षानुवर्षं अंगात साठत गेलेलं लोह. यातलं बरंचसं डॉक्टर आणि रक्तपेढीच्या हातात आहे हे मान्य, पण एक गोष्ट आईबाबांच्याच हातात असते, ती म्हणजे मुलाच्या रक्ताचा हिशोब. तो नसेल तर चांगली रक्तपेढी पण अर्धवट माहितीवरच काम करते.

मुळात रक्त लागतंय का

सिकलसेलच्या लाल पेशी १० ते २० दिवसच टिकतात, साध्या पेशी जवळपास १२० दिवस टिकतात, त्यामुळे या मुलांचं हिमोग्लोबिन कायमच कमी असतं आणि त्यांचं शरीर त्याला सरावलेलं असतं. कितीतरी मुलं ७-८ वर शाळेत जातात, खेळतात. मग एखाद्या नवीन ठिकाणी रिपोर्ट बघून कोणीतरी म्हणतं अरे बापरे फक्त साडेसात, एक पिशवी लावून टाकू. इथे थांबून विचारायचं की याचं नेहमीचं किती असतं? नेहमीचं ७.८ आहे आणि आज साडेसात आहे, मूल बरं आहे, तर नुसत्या आकड्यासाठी रक्त नको. आपल्या मुलाचं बरं असतानाचं हिमोग्लोबिन किती, रेटिक काउंट (नव्या लाल पेशींचं प्रमाण) किती, हे आईबाबांना तोंडपाठ पाहिजे, किंवा निदान मोबाईलमध्ये तरी.

साधा दुखण्याचा क्रायसिस, हातपाय-पाठ दुखतेय पण बाकी गुंतागुंत नाही, यात रक्त देऊन दुखणं कमी होत नाही. तिथे पेनकिलर, पाणी, विश्रांती हाच इलाज. रक्त खरंच लागतं ते कधी, तर छातीत न्यूमोनियासारखं होऊन ऑक्सिजन कमी होतो तेव्हा, स्ट्रोक झाला किंवा व्हायची लक्षणं दिसली तेव्हा, पार्वो विषाणूच्या इन्फेक्शनने नवीन लाल पेशी बनणं काही दिवस बंद पडतं तेव्हा, पानथरीत अचानक रक्त अडकतं तेव्हा, आणि काही ऑपरेशनच्या आधी. ऑपरेशनचं म्हणाल तर २०१३ साली छापून आलेल्या टॅप्स नावाच्या अभ्यासात आधी रक्त दिलेल्यांपैकी १५ टक्के लोकांना गुंतागुंत झाली आणि न दिलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना, म्हणजे तिथे रक्त नाकारणं हा शहाणपणा नाही. उगाच घेऊ नये आणि लागेल तेव्हा अडवू नये, दोन्ही.

आणखी एक गोष्ट, जी ऐकून लोकांना आश्चर्य वाटतं. जास्त हिमोग्लोबिन म्हणजे जास्त चांगलं असं इथे नसतं. सिकल पेशींचं प्रमाण जास्त असताना वरून रक्त भरत गेलं आणि हिमोग्लोबिन १०-११ च्या वर गेलं की रक्त घट्ट होतं, मेंदूकडे जाणारा प्रवाह मंदावतो, आणि ज्या स्ट्रोकला घाबरून रक्त दिलं तोच ओढवू शकतो. म्हणून आणखी एक पिशवी देऊन बारापर्यंत नेऊया असा आग्रह आपण धरायचा नाही आणि कोणी सुचवलं तर आकड्याची मर्यादा विचारायची.

पानथरीत रक्त अडकतं तेव्हा हेच जास्त जपावं लागतं. लहान मुलाचं पोट डाव्या बाजूला फुगतं, मूल पांढरं पडतं, मलूल होतं, आणि काही तासांत हिमोग्लोबिन धडकन खाली येतं, ही इमर्जन्सी आहे, सकाळपर्यंत वाट बघायची नसते. पण रक्त देताना थोडं थोडं द्यायचं, बरेच डॉक्टर अशा वेळी किलोमागे ५ मिलीच्या आसपास देऊन परत तपासतात, कारण थोडं रक्त गेलं की पानथरी अडकवलेल्या पेशी परत सोडते आणि हिमोग्लोबिन अपेक्षेपेक्षा खूप वर जाऊ शकतं. दवाखान्यातल्या नर्स किंवा डॉक्टरकडून पोटावर हात ठेवून पानथरी तपासायला शिकून घ्या, ताप आला की बघायचीच, एरवी पण अधूनमधून बघायची, म्हणजे नेहमीची किती लागते ते हाताला कळतं.

नुसता रक्तगट जुळून भागत नाही

बी पॉझिटिव्ह मुलाला बी पॉझिटिव्ह रक्त, क्रॉसमॅच (दात्याचं रक्त मुलाच्या रक्ताशी जुळतं का ही टेस्ट) जुळला, झालं, असं बहुतेकांना वाटतं. पण एबीओ आणि आरएच डी जुळणं म्हणजे आडनाव जुळल्यासारखं आहे, तेवढ्यावरून माणूस घरचा ठरत नाही. लाल पेशीवर याशिवाय बरेच अँटीजेन, म्हणजे पेशीच्या ओळखीच्या खुणा, असतात, आरएच घराण्यातलेच मोठा सी, छोटा सी, मोठा ई, छोटा ई, मग केल, डफी, किड, एस वगैरे. मुलाच्या पेशीवर जो अँटीजेन नाही तो दात्याच्या पेशीवर असेल तर मुलाचं शरीर त्याविरुद्ध अँटीबॉडी बनवू शकतं. ज्याला आयुष्यात एकदाच रक्त लागतं त्याला याचा फारसा फरक पडत नाही, पण सिकलसेलच्या मुलाला परत परत लागणार असतं, आणि सिकलसेलमध्ये अशा अँटीबॉडी बनायचं प्रमाणही जास्त आहे. दाते आणि रुग्ण वेगवेगळ्या वंशाचे असले की ते आणखी वाढतं.

म्हणून सिकलसेलसाठी किमान सी, ई आणि केल हे जुळवून रक्त द्यावं असं अमेरिकन सोसायटी ऑफ हिमॅटॉलॉजीने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये सांगितलंय. आणि मुलाला आधीच एखादी अँटीबॉडी झालेली असेल तर डफी, किड, एस हे पण जुळवलेलं बरं.

आता यातलं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात जास्त राहून जाणारं काम सांगतो. मुलाचा हा सविस्तर रक्तगट, ज्याला एक्स्टेंडेड फिनोटाइप म्हणतात, तो पहिली पिशवी लागायच्या आधी काढून ठेवा. निदान झालं, मूल बरं आहे, रक्ताची गरज पण नाही, तेव्हाच काढायचा. कारण एकदा रक्त दिलं की पुढचे तीनेक महिने मुलाच्या नसेत दात्याच्या पेशी पण फिरत असतात आणि साध्या टेस्टमध्ये दोघांचं मिसळून उत्तर येतं. तोवर उशीर झालेला असेल तर जीनोटाइप म्हणजे डीएनएवरून काढता येतो, रक्त दिलेलं असलं तरी चालतं आणि तो जास्त अचूक पण असतो, फक्त सगळीकडे ही सोय नसते. एकदा काढला की आयुष्यभर तोच राहतो, परत परत काढायची गरज नाही, फक्त कागद हरवायचा नाही.

हा कागद इतका का जपायचा ते समजून घ्या. झालेली अँटीबॉडी काही महिन्यांनी रक्तात इतकी कमी होते की टेस्टमध्ये दिसतच नाही. मग दुसऱ्या रक्तपेढीत स्क्रीनिंग केलं तर निगेटिव्ह, क्रॉसमॅच पण जुळतो, सगळं कागदोपत्री ओके, आणि पिशवी लागते. शरीर मात्र विसरलेलं नसतं, तो अँटीजेन दिसल्याबरोबर काही दिवसांत अँटीबॉडीचा साठा परत उभा करतं आणि चढवलेलं रक्त फोडायला लागतं. यात कोणी हलगर्जीपणा केला असं पण नाही म्हणता येत, टेस्टने जे दाखवलं त्यावर त्यांनी विश्वास ठेवला. हे टाळायचा एकच रस्ता, आधीच्या रक्तपेढीने लिहून दिलेलं की या मुलाला अमुक अँटीबॉडी सापडली होती, अमुक तारखेला. अशी अँटीबॉडी एकदा लिहिली गेली की ती कायमची, नंतरच्या दहा रिपोर्टमध्ये निगेटिव्ह आली तरी तो अँटीजेन असलेलं रक्त चालत नाही.

त्या कागदावर किंवा कार्डावर एवढं असावं: आजाराचा प्रकार म्हणजे एसएस (आईबाबा दोघांकडून सिकलचा जीन आलेला) की सिकल-बीटा थॅलेसेमिया की आणखी काही, रक्तगट आणि फिनोटाइप, सापडलेल्या सगळ्या अँटीबॉडी, आधी कधी कुठे किती पिशव्या लागल्या, कुठली रिॲक्शन आली होती का, आणि नेहमीचं हिमोग्लोबिन. फोटो काढून घरातल्या दोघा-तिघांच्या मोबाईलमध्ये ठेवा कारण इमर्जन्सीत मुलाजवळ आईच असेल असं काही नसतं.

रक्तपेढीला काय सांगायचं

रक्ताच्या मागणीचा फॉर्म घाईत भरला जातो आणि निदानाच्या रकान्यात नुसतं ॲनिमिया लिहिलं जातं. रक्तपेढीला तो ॲनिमिया वाचून कसं कळणार की हे मूल सिकलसेलचं आहे? फॉर्मवर सिकलसेल हा शब्द आलाय का हे बघून घ्या, नसेल तर डॉक्टरांना सांगून लिहून घ्या, आणि कार्डाची झेरॉक्स जोडा. तेवढ्यावर रक्तपेढीवाला माणूस वेगळी पिशवी शोधायला लागतो. गेल्या तीन महिन्यांत रक्त दिलं असेल तर ते पण सांगायचं, कारण अशा वेळी क्रॉसमॅचचा नमुना तीन दिवसांच्या आतलाच पाहिजे, मागच्या आठवड्यातला चालत नाही.

पिशवी कशी हवी तर पॅक्ड सेल (मुख्यतः लाल पेशी), होल ब्लड (सगळं रक्त जसंच्या तसं) नाही. पांढऱ्या पेशी गाळून काढलेली, म्हणजे ल्युकोरिड्यूस्ड, त्याने तापाच्या रिॲक्शन कमी होतात आणि सीएमव्हीसारखे विषाणू जायची शक्यता पण घटते. आणि दाता सिकल वाहक, म्हणजे सिकलचा एकच जीन असलेला, नको. वाहक माणूस स्वतः ठणठणीत असतो, पण त्याचं रक्त त्या फिल्टरमधून नीट जात नाही, आणि मुलात एचबीएस (सिकलचं हिमोग्लोबिन) किती टक्के राहिलं हे मोजताना आकडा चुकतो. एकदम बाळ असेल तर विचारून बघा की एकाच दात्याची पिशवी छोट्या पिशव्यांमध्ये वाटून मिळेल का, म्हणजे दोन-तीन वेळेला रक्त लागलं तरी दाता एकच.

इथे नातेवाइकांचा विषय येतो, जरा नाजूक आहे. मुलाला रक्त लागतंय म्हटल्यावर बाबा, काका, मोठा भाऊ सगळे बाह्या सरसावून तयार असतात. द्यायचंच असेल तर रक्तपेढीच्या साठ्याला द्या, तुमच्याच मुलासाठी नको. एक तर घरातले बरेच जण वाहक असतात. दुसरं, जवळच्या नात्यातल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी मुलाच्या अंगात तग धरून उलट मुलावरच हल्ला करू शकतात, क्वचित होतं पण झालं तर जीवघेणं असतं, म्हणून असं रक्त द्यावंच लागलं तर आधी त्यावर किरणांची प्रक्रिया करावी लागते. आणि तिसरं, उद्या बोन मॅरो ट्रान्सप्लांट करायचं ठरलं तर भाऊ-बहिणीचाच मॅरो सगळ्यात आधी बघतात, आणि त्यांचं रक्त आधी चढवलेलं असेल तर मुलाचं शरीर त्याविरुद्ध तयार होऊन बसलेलं असू शकतं. ट्रान्सप्लांटचा विचार चालू असेल तर तेही फॉर्मवर लिहायला सांगा.

पिशवी लागताना

सगळ्यात वाईट अपघात हे अजूनही चुकीच्या माणसाला चुकीची पिशवी लागल्याने होतात, आणि त्याची सुरुवात बऱ्याचदा नमुना घेतानाच होते. नळीवर नाव मुलाच्या बेडजवळच लिहिलं पाहिजे, आधी लेबल लावलेल्या नळ्यांचा गठ्ठा घेऊन फिरणारा दिसला तर बिनधास्त टोका. पिशवी लावताना दोघांनी मिळून नाव, रुग्ण नंबर, रक्तगट, पिशवीचा नंबर, मुदत हे सगळं मोठ्याने वाचून जुळवायचं असतं, आणि ते मुलाजवळ उभं राहून, नर्सिंग काउंटरवर नाही. मुलाचं पूर्ण नाव तुम्हाला विचारलं तर वैतागू नका, कितव्यांदा विचारताय असं म्हणू नका.

पिशवी फ्रिजमधून आली की अर्ध्या तासात सुरू व्हायला हवी आणि चार तासांत संपायला हवी, उरलं तर टाकून द्यायचं. गरम करायला कोमट पाण्यात बुडवणं, हीटरजवळ ठेवणं, काखेत धरून बसणं, यातलं काहीही करायचं नाही. रक्ताच्या नळीत फिल्टर असलेला सेटच लागतो आणि त्याच नळीतून फक्त नॉर्मल सलाईन जाऊ शकतं, ग्लुकोज किंवा रिंगर लॅक्टेट नाही, औषधाचं इंजेक्शन तर नाहीच. किती द्यायचं हे वजनावर ठरतं, साधारण किलोमागे १० ते १५ मिली, आणि ज्याचं हिमोग्लोबिन फारच खाली गेलंय त्याला आणखी हळू आणि थोडं थोडं, कारण दमलेल्या हृदयावर एकदम लोड आला की फुफ्फुसात पाणी साचतं.

पहिली १५ मिनिटं मुलाजवळून हलायचं नाही. ताप, नाडी, बीपी, श्वास हे सुरू करायच्या आधी, १५ मिनिटांनी आणि मग अधूनमधून संपेपर्यंत बघायचं असतं, नाही बघितलं तर आठवण करून द्या. थंडी वाजली, ताप एक डिग्रीने वाढला, खाज-गांधी उठल्या, कंबर किंवा छाती दुखायला लागली, धाप लागली, लघवी लाल झाली, किंवा लहान मूल कारण नसताना एकदम बेचैन झालं, तर आधी रक्त बंद, मग बाकीचं. सुई काढायची नाही, सलाईन चालू ठेवायचं, आणि पिशवी फेकून न देता रक्तपेढीला परत पाठवायची. एक लक्षात असू द्या, या मुलांमध्ये ताप म्हणजे दरवेळी रिॲक्शनच असं नाही, इन्फेक्शन पण असू शकतं, आणि पानथरी काम करत नसल्याने ते झपाट्याने पसरतं, त्यामुळे नुसती पॅरासिटामॉल देऊन ताप दाबून पिशवी पुढे चालू ठेवणं हा उपाय नव्हे.

नंतरचे तीन-चार आठवडे

ह्या भागासाठीच खरं तर एवढं सगळं लिहायला घेतलं. रक्त दिलं, मूल टवटवीत झालं, घरी आलं, सगळे निवांत. आणि मग पाचव्या, आठव्या, बाराव्या दिवशी, कधी अजून उशिरा, अंग दुखायला लागतं, ताप येतो, डोळे जास्त पिवळे दिसतात, लघवी तपकिरी-काळपट होते. घरचे म्हणतात क्रायसिस आला, दवाखान्यात पण क्रायसिस म्हणूनच ॲडमिट करतात. प्रत्यक्षात ही उशिरा येणारी हिमोलिटिक रिॲक्शन असू शकते, वर सांगितलेली ती लपलेली अँटीबॉडी जागी होऊन चढवलेलं रक्त फोडत असते. कधीकधी दात्याच्या पेशींबरोबर मुलाच्या स्वतःच्या पेशी पण फुटतात आणि हिमोग्लोबिन रक्त देण्याच्या आधी होतं त्याच्याही खाली जातं.

धोका असा की हिमोग्लोबिन एवढं खाली बघून साहजिकच आणखी रक्त द्यावंसं वाटतं, आणि त्याने आग अजून भडकू शकते. अशा वेळी जीवावर बेतलेलं नसेल तर रक्त थांबवून डॉक्टर आयव्हीआयजी (नसेतून देतात त्या तयार अँटीबॉडी), स्टेरॉइड, असे उपाय करतात, आणि सिकलसेल बघणाऱ्या हिमॅटॉलॉजिस्टला फोन लावायची हीच वेळ असते. तुमचं काम एकच, दवाखान्यात पाऊल टाकल्या टाकल्या सांगायचं की अमुक तारखेला रक्त दिलंय. विचारायची वाट बघू नका, कारण दुखणं घेऊन आलेल्या सिकलसेलच्या मुलाला शेवटचं रक्त कधी दिलं हे सगळीकडे विचारलं जातंच असं नाही. मग हिमोग्लोबिन, रेटिक, बिलिरुबिन, एलडीएच (हे दोन्ही पेशी फुटल्या की वाढतात), अँटीबॉडी स्क्रीनिंग आणि कूम्ब्स टेस्ट (लाल पेशींना अँटीबॉडी चिकटलीय का ते बघणारी) परत करायची असते. कूम्ब्स निगेटिव्ह आली म्हणून विषय संपत नाही, काही मुलांत ती निगेटिव्हच राहते. सगळ्यात बोलका आकडा म्हणजे हिमोग्लोबिन ए, जे फक्त दात्याकडून आलेलं असतं (सिकल-बीटा थॅलेसेमियाच्या काही मुलांत स्वतःचंही थोडं असतं), ते रक्त दिल्यानंतर किती होतं आणि आता किती उरलं. म्हणून रक्त दिल्यावर घरी सोडायच्या आधी एकदा हिमोग्लोबिन आणि एचबी ए-एसचे टक्के काढून घेतले तर नंतर तुलना करायला काहीतरी हातात असतं.

दर महिन्याला रक्त लागणाऱ्यांसाठी

काही मुलांना स्ट्रोक टाळण्यासाठी दर ३-४ आठवड्यांनी रक्त द्यावं लागतं, एचबीएस ३० टक्क्यांच्या खाली ठेवायला. कोणाला, हे डोक्याच्या डॉप्लरवरून (मेंदूच्या नसांतल्या रक्ताचा वेग मोजणारी सोनोग्राफी) ठरतं, वेग सेकंदाला २०० सेंटीमीटर किंवा जास्त आला की. १९९८ च्या स्टॉप अभ्यासात अशा मुलांना नियमित रक्त दिल्यावर पहिल्या स्ट्रोकचा धोका ९२ टक्क्यांनी कमी झाला होता. फायदा एवढा मोठा आहे, पण प्रत्येक पिशवीबरोबर २०० ते २५० मिलिग्रॅम लोह अंगात येतं आणि जादा लोह बाहेर टाकायचा मार्गच शरीराकडे नाही. ते लिव्हरमध्ये साचतं, पुढे हृदय आणि ग्रंथींमध्ये. साधारण १०-२० पिशव्यांनंतर किंवा फेरिटिन (साठलेल्या लोहाचा अंदाज देणारी रक्ततपासणी) सतत १००० च्या वर राहिलं की लोह काढायचं औषध सुरू करायचा विषय निघतो. फेरिटिन क्रायसिस किंवा ताप असताना काढू नका, खोटं जास्त येतं, आणि शक्य असेल तिथे लिव्हरचा एमआरआय हा त्याहून भरवशाचा. आणि कृपा करून हिमोग्लोबिन कमी आहे म्हणून मेडिकलमधून लोहाचं टॉनिक आणून पाजू नका, या मुलांना फॉलिक ॲसिड चालतं, लोह डॉक्टरांनी कमतरता सिद्ध केल्याशिवाय नाही.

लोह काढणारं डेफेरासिरॉक्स चालू असेल तर किडनी-लिव्हरच्या टेस्ट ठरलेल्या वेळी आणि वर्षातून एकदा डोळे-कान. डेफेरिप्रोन (हे पण लोह काढणारंच) चालू असेल आणि ताप आला तर गोळी थांबवून त्याच दिवशी सीबीसी, पांढऱ्या पेशी एकदम घसरू शकतात. गोळ्या कडवट असतात, पोट बिघडतं, वयात आलेली मुलं लपवून टाकून देतात, हे सगळीकडे होतं, ओरडून उपयोग नाही, डॉक्टरांशी बोलून वेळ किंवा औषध बदलता येतं.

लोह कमी साचावं म्हणून रक्त बदलायची पद्धत पण आहे, एकीकडून मुलाचं रक्त काढायचं आणि दुसरीकडून दात्याचं द्यायचं, हाताने किंवा मशीनने. मशीनवाल्या एक्सचेंजमध्ये लोह जवळपास वाढत नाही आणि एचबीएस पटकन खाली येतं, पण एका वेळेला जास्त दात्यांच्या पिशव्या लागतात आणि मोठी नस लागते, म्हणजे फिनोटाइप न जुळवता एक्सचेंज करणं हे अँटीबॉडीला आमंत्रणच. पोर्ट (कातडीखाली बसवलेली, मोठ्या नसेत जाणारी नळी) बसवला असेल तर ताप आल्यावर त्या लाइनमधून आणि हातातून दोन्हीकडून कल्चर (रक्तात जंतू आहेत का ते बघणारी तपासणी) घ्यायला सांगा.

रक्ताची गरजच कमी करणारं औषध म्हणजे हायड्रॉक्सियुरिया, एसएसच्या मुलांना नऊ महिन्यांच्या वयापासून देता येतं, आणि अजून सुरू केलं नसेल तर का नाही हे डॉक्टरांना सरळ विचारा. डॉप्लरमुळे रक्त चालू असलेल्या काही मुलांना निदान वर्षभर रक्त घेतल्यावर, मेंदूच्या नसा फार अरुंद नसतील तर, हळूहळू हायड्रॉक्सियुरियावर नेता येतं हे २०१६ च्या ट्विच अभ्यासात दिसलं. पण तो बदल डॉप्लर करत करत, दोन्ही गोष्टी काही महिने एकत्र चालवून करतात. डॉप्लर नॉर्मल आला, मूल छान आहे, चला रक्त बंद करूया असं २००५ च्या स्टॉप-२ मध्ये करून बघितलं होतं, बऱ्याच मुलांचा वेग परत वाढला, काहींना स्ट्रोक आले आणि तो अभ्यास मध्येच थांबवावा लागला. त्यामुळे कंटाळा आला, नस सापडत नाही, गाव लांब पडतं, कारण काहीही असो, डॉक्टरांना सांगा आणि पर्याय काढा, पण पुढची तारीख गुपचूप चुकवू नका.